परत आत कधी जायचे? ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील भूकंपोत्तर सुरक्षिततेचे विवेचन

१. प्रश्नाची मांडणी

भूकंपाविषयीचे मार्गदर्शन बहुधा दोन प्रसंगांपुरते असते. एक, हादरे बसत असतानाचे काही सेकंद. दुसरा, ढिगाऱ्याखालून माणसे बाहेर काढण्याचे काम. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्याला ज्या भूकंपाची शक्यता अधिक धरावी लागते, त्यात बहुसंख्य रहिवासी या दोहोंच्या मधल्या अवस्थेत सापडतील. इमारत उभी असेल, भिंतींना तडे गेले असतील, वीज गेलेली असेल, सोसायटीतली सगळी कुटुंबे खाली रस्त्यावर आलेली असतील आणि वर जावे की जाऊ नये हे खात्रीने सांगणारे कोणी जवळ नसेल.

हा निर्णय चुकला तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते. लवकर परतलेले कुटुंब नंतरच्या धक्क्यात सापडू शकते. विनाकारण बाहेर राहिलेले कुटुंब पावसात, आजारपणात आणि भाड्याच्या खर्चात खचते. या लेखाचे प्रतिपादन असे की, परतीचा निर्णय भूकंपानंतर घ्यायचा असला तरी त्याचा पुरावा भूकंपाआधी गोळा झालेला असावा लागतो. इमारतीची आधीची अवस्था नोंदलेली नसेल, तर नंतरची अवस्था कुणालाच नीट वाचता येत नाही.

२. धोका कुठून आणि किती

भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत देशाचे दोन ते पाच असे चार भूकंपक्षेत्र-गट केले आहेत. ठाणे जिल्हा तिसऱ्या गटात येतो, कोयना परिसर चौथ्यात. तिसऱ्या गटात तीव्रतेच्या बारा पायऱ्यांच्या मापातली सातवी पायरी गृहीत धरली जाते. या पायरीला चांगल्या बांधणीच्या इमारतींचे नुकसान किरकोळ राहते, जुन्या आणि कच्च्या बांधणीच्या इमारतींचे मात्र गंभीर होऊ शकते. याचा अर्थ सरळ आहे. आपल्याकडे धक्क्याच्या जोराइतकेच महत्त्व त्याला सामोऱ्या जाणाऱ्या बांधकामाला आहे.

या पट्ट्यावर परिणाम करू शकणारे स्रोत तीन प्रकारचे मानता येतील. पहिला दूरचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ क्षमतेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसे दगावली आणि मुंबई परिसरही हादरला. दुसरा मध्यम अंतरावरचा. जुन्या अखंड ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची दीर्घ मालिका सुरू झाली. त्यातले मोठे धक्के चारच्या आसपासच्या क्षमतेचे होते. तिसरा जवळचा. शहापूर तालुक्यातल्या भातसा जलाशयाच्या परिसरात, खर्डीजवळ, सप्टेंबर १९८३ मध्ये ४.९ क्षमतेचा धक्का नोंदला गेला. जलाशय भरल्यावर खडकांतल्या भेगांमध्ये पाण्याचा दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेला खडक सरकायला वाट मिळते, असे अशा धक्क्यांचे स्पष्टीकरण दिले जाते.

भूरचनेची एक खूण या भागात सर्वांच्या ओळखीची आहे. दख्खनच्या लाव्हाचे थर देशावर जवळपास आडवे पसरलेले आहेत, पण कोकणपट्टीत एका उत्तर-दक्षिण रेषेवर ते पश्चिमेकडे वाकतात. भूशास्त्रज्ञ तिला पनवेलची वळी म्हणतात. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे याच पट्ट्याशी जोडली जातात. खोलवर भेगा आहेत आणि त्यांतून पाणी फिरते, एवढे या कुंडांवरून कळते. उद्या भूकंप होईल की नाही हे त्यांवरून कळत नाही.

लहान धक्क्यांवरूनही भाकीत करता येत नाही. किल्लारीला ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ मध्ये धक्के बसले, मग शांतता झाली, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ क्षमतेचा भूकंप आला. उलट डहाणूची मालिका मोठ्या भूकंपाविना वर्षानुवर्षे चालली. म्हणून 'लहान धक्के बसले की जमिनीतला ताण निघून जातो' ही समजूत आणि 'लहान धक्के म्हणजे मोठ्याची वर्दी' ही समजूत, दोन्ही निर्णयासाठी निरुपयोगी आहेत. क्षमता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते; चार क्षमतेच्या शंभर धक्क्यांनीसुद्धा सहा क्षमतेच्या एका भूकंपाची ऊर्जा भरून निघत नाही.

३. जमीन आणि इमारत यांचे गणित

एकाच भूकंपात येऊरच्या पायथ्याचे घर आणि खाडीकाठचे घर यांना वेगळा अनुभव येतो. येऊर आणि पारसिकचा डोंगर काळ्या कातळाचा आहे. कळवा, खारेगाव, दिवा, कोळशेत, डोंबिवली पश्चिमेचा रेतीबंदर-मोठागाव भाग, कल्याणच्या दुर्गाडीखालची खाडी या ठिकाणी कातळावर चिखलमातीचे आणि भरावाचे थर आहेत. मऊ थरात लाटांचा वेग कमी होतो आणि हेलकाव्याचा आवाका वाढतो. १९८५ मध्ये मेक्सिको शहर भूकंपाच्या केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर असूनही जुन्या तळ्याच्या चिखलावर वसल्यामुळे उद्ध्वस्त झाले. पाण्याने भरलेली सैल वाळू असेल तर आणखी एक धोका असतो: हादऱ्यांनी ती काही काळ द्रवासारखी वागते आणि पाया कलतो.

इमारतीची उंचीही महत्त्वाची. स्थूलमानाने एका मजल्याला एक दशांश सेकंद धरला, तर चार मजली इमारत सुमारे ०.४ सेकंदात एक हेलकावा पुरा करते. तीस मजली मनोऱ्याला दोन-तीन सेकंद लागतात. जवळच्या मध्यम भूकंपाचे झटके जलद असतात आणि ते बुटक्या इमारतींना अधिक जाचतात. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लाटा घोडबंदर रोडवरच्या आणि पलावाच्या मनोऱ्यांना डोलवतात. त्यामुळे विसाव्या मजल्यावरच्या माणसाला पंखे आणि झुंबरे हलताना दिसतील, तेव्हा रामनगरच्या चार मजली इमारतीत काही जाणवलेही नसेल. आणि याच्या उलटही घडेल. कोणाला किती जाणवले यावरून कोणाच्या इमारतीचे किती नुकसान झाले हे ठरवू नये.

आता बांधकामाचे प्रकार पाहू. या पट्ट्यात चार ठळक प्रकार आहेत.

(अ) भार भिंतींवर पेलणाऱ्या चाळी आणि जुनी घरे. इथे भिंत हाच आधार असतो.

(आ) १९७०-८० च्या दशकांतल्या तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती. ठाणे महापालिका १९८२ मध्ये आणि कल्याणची १९८३ मध्ये स्थापन झाली. यांतल्या कित्येक इमारती त्यापूर्वीच्या किंवा लगेच नंतरच्या आहेत. लवचीक बांधणीसाठी सळया कशा वाकवाव्यात, कॉलमच्या रिंगा किती जवळ असाव्यात आणि त्यांचे हूक आत कसे वळवावेत हे सांगणारे भारतीय मानक १३९२० प्रथम १९९३ मध्ये आले. म्हणजे या इमारती ते नियम येण्याआधीच्या आहेत.

(इ) परवानगीविना किंवा खोट्या कागदपत्रांवर उभ्या राहिलेल्या इमारती. शिळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली अशी इमारत कोसळून ७४ जण मेले. तिला कोणताही हादरा बसलेला नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश दिले. अशा इमारतींचे नकाशे आणि सळयांचे तपशील विश्वासार्ह नसल्याने भूकंपानंतर त्यांची तपासणी सर्वांत अवघड ठरते.

(ई) अलीकडचे मनोरे, जे मानकांप्रमाणे आखले जातात आणि ज्यांचे मुख्य दुखणे बहुधा काचा, टाइल, लिफ्ट आणि खोटी छते यांपुरते राहावे अशी अपेक्षा असते.

दुसऱ्या प्रकारातल्या इमारतींचे दोन दोष विशेष आहेत. पहिला, उघडा तळमजला. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतात, त्यामुळे ते ताठ राहतात. खाली पार्किंग असते किंवा गाळ्यांसाठी भिंती काढलेल्या असतात, त्यामुळे सगळी हालचाल तळाच्या कॉलमांवर येते. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या अहमदाबादेत सातशेहून अधिक माणसे मेली, ती मुख्यतः अशाच इमारतींत. दुसरा दोष वाढत्या ओझ्याचा. गळती थांबवण्यासाठी गच्चीवर कोब्यावर कोबा घातला जातो, वर पत्र्याची शेड येते, पाण्याच्या टाक्या वाढतात. भूकंपाचा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात येतो. जेवढे ओझे वर, तेवढा खालच्या कॉलमला झटका अधिक.

त्यात गंज. खाडीची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी सळया गंजतात, गंजलेले लोखंड फुगते, आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. ठाकुर्लीत जुलै २०१५ मध्ये नऊ आणि नौपाड्यात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बारा माणसे इमारत कोसळून गेली. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये पंधरवड्यात दोनदा, आणि कल्याण पूर्वेत मे २०२५ मध्ये, वरचा स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळून माणसे दगावली. यांपैकी एकाही दुर्घटनेमागे भूकंप नव्हता. जी इमारत स्वतःच्या वजनाखाली कोसळू शकते, तिच्याबाबतीत भूकंप हे फक्त निमित्त ठरेल.

४. हादऱ्याचे सेकंद

जमिनीतून दोन प्रकारच्या लाटा येतात. पहिली सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने येते आणि सौम्य असते. दुसरी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि खरे नुकसान तिच्या नि तिच्यामागच्या लाटांनी होते. शंभर किलोमीटरवरच्या डहाणू भागात भूकंप झाला तर दोहोंमध्ये सुमारे १२ सेकंदांचे अंतर पडेल. कोयनेहून येणाऱ्या लाटांत ते २५ सेकंदांच्या घरात जाईल. २०२३ पासून भारतात अँड्रॉइड फोनवर मिळू लागलेली भूकंपसूचना याच अंतराचा उपयोग करते. भूकंप खर्डीजवळ झाला तर मात्र हे अंतर पाच-सहा सेकंदांचेच राहील.

एवढ्या वेळात काय शक्य आहे हे प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. चौथ्या मजल्यावरून, शेजारच्या चार कुटुंबांसह, अंधाऱ्या जिन्याने खाली यायला मिनिटाहून अधिक वेळ लागतो. हादरा बहुधा त्याआधीच संपतो. जिना हा इमारतीच्या सांगाड्यातला विजोड भाग असतो आणि त्याच्या कठड्याजवळचे आखूड कॉलम लवकर तुटतात. म्हणून वरच्या मजल्यांवर नियम असा: खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा किंवा पलंगाच्या कडेला डोके-मान झाकून आडोसा घ्या, आणि धरून राहा. खिडकीची काच, लोखंडी कपाट, माळ्यावरचे सामान आणि फ्रीज यांपासून दूर. लिफ्ट वापरायची नाही. चाळीत तळमजल्याचे दार थेट मोकळ्या अंगणात उघडत असेल तरच लगेच बाहेर पडावे.

धावणे निरुपद्रवी नसते. १ फेब्रुवारी २०१९ रोजी डहाणू तालुक्यात धक्क्याने घाबरून घराबाहेर पळताना पडलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. धक्क्याची क्षमता चारच्या आसपासच होती. प्रभादेवी (तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड) स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जण मेले, आणि तिथे भूकंपाची अफवाही नव्हती. डोंबिवली स्थानकात संध्याकाळी सहाच्या सुमारास हादरा बसला, तर पुलाकडे धावणारा जमाव हाच पहिला धोका असेल. लोकलमध्ये असाल तर गाडी थांबल्यावरही आतच राहा. वरच्या तारांतून २५ हजार व्होल्टचा प्रवाह वाहत असतो आणि तुटलेली तार रुळांवर पडलेली असू शकते.

'पण इमारतच मोडकळीला आलेली असेल तर टेबलाखाली बसून काय उपयोग?' हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर त्या सेकंदांत नाही. अतिधोकादायक इमारतीत राहण्याला हादऱ्याच्या क्षणी करण्याजोगा कोणताही उपाय नसतो. ती आधीच रिकामी करावी लागते.

५. पहिले सहा तास

हादरा थांबला की क्रम असा असावा. प्रथम स्वतःच्या आणि घरच्यांच्या जखमा पाहणे. मग पायात चपला, कारण फरशीवर काचा असतात. ओट्याखालचा पाइप गॅसचा कॉक किंवा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणे, आणि गॅसचा वास येत असेल तर विजेचे एकही बटण न दाबणे, काडी न ओढणे. वास नसेल तर मीटरजवळची मुख्य वीज बंद करणे. औषधे, चष्मा, कागदपत्रांची पिशवी, पाणी घेऊन भिंतीच्या बाजूने जिना उतरणे.

कुठे जायचे हे आधी ठरलेले हवे. जुन्या डोंबिवलीत समोरासमोरच्या इमारतींमधले अंतर इतके कमी आहे की गल्लीत उभे राहणे म्हणजे दोन्हीकडच्या ग्रिल, एसीचे बाहेरचे यंत्र आणि कठड्यांच्या खाली उभे राहणे. जवळच्या इमारतीच्या उंचीइतके मोकळे अंतर मिळेल अशी जागा शोधावी. डोंबिवलीत क्रीडासंकुल आणि भागशाळा मैदान, कल्याणात सुभाष मैदान आणि फडके मैदान, ठाण्यात सेंट्रल मैदान ही ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत. प्रश्न फक्त आपल्या गल्लीतून तिथे जाणारी वाट किती रुंद आहे एवढाच. कल्याण-डोंबिवलीत रेल्वेने शहराचे पूर्व-पश्चिम दोन भाग केलेले आहेत आणि पत्रीपूल, कोपर पूल यांसारख्या मोजक्या जागांवरून ये-जा होते. पुलांची तपासणी होईपर्यंत पूर्वेच्या माणसाने पश्चिमेचे रुग्णालय गृहीत धरू नये. आणि खासगी गाड्या बाहेर काढू नयेत. अग्निशमनाची गाडी अडते ती त्यांच्यामुळेच.

डोंबिवलीला आणखी एक काळजी आहे. एमआयडीसीतल्या मे २०१६ आणि मे २०२४ च्या स्फोटांनी दूरवरच्या घरांच्या काचा फोडल्या होत्या. भूकंपानंतर तिथून धूर किंवा उग्र वास आला तर वाऱ्याच्या दिशेला आडवे चालत दूर जावे, ओला रुमाल नाकाला लावावा आणि बघ्यांच्या गर्दीत थांबू नये.

अडकलेल्या माणसांपैकी बहुसंख्य जण पहिल्या काही तासांत शेजाऱ्यांकडूनच बाहेर काढले जातात, हा जगभरचा अनुभव आहे. महापालिकेचे आपत्ती प्रतिसाद दल आणि पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून येणारी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पोहोचेपर्यंत वेळ जातो. शेजाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. ठरावीक वेळाने सर्वांनी गप्प राहून कानोसा घ्यावा. आतला माणूस पाइपवर ठोकत असेल तर तो आवाज गोंगाटात हरवतो. आणि ज्याचा पाय किंवा मांडी काही तास जड वस्तूखाली चेपलेली आहे, त्याला वैद्यकीय मदतीविना एकदम मोकळे करू नये. चेपलेल्या स्नायूंत पोटॅशियम आणि इतर द्रव्ये साचतात. दाब निघताच ती रक्तात उतरतात, हृदय बंद पडू शकते, मूत्रपिंडे निकामी होतात. सलाइन सुरू झाल्यावरच वजन उचलणे हा वैद्यकीय क्रम आहे. ११२ आणि १०८ लागत नसतील तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ वापरावा. खुशालीसाठी फोन न करता एसएमएस पाठवावा. नेटवर्क कमकुवत असले तरी तो जातो.

६. परतीचा निर्णय

आता मुख्य प्रश्न. त्याचे दोन भाग: जमीन पुन्हा किती हलेल, आणि इमारत किती तग धरेल.

पहिल्या भागाला सांख्यिकीचा आधार आहे. जपानच्या फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्ये दाखवले की नंतरच्या धक्क्यांची संख्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर झाले तर दहाव्या दिवशी साधारण दहा. त्यांतला सर्वांत मोठा धक्का मुख्य धक्क्यापेक्षा सरासरी १.२ अंकांनी लहान असतो. सहाच्या मागे ४.८ चा. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. नेपाळात २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ च्या भूकंपामागून १२ मे रोजी ७.३ चा आला. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ७.८ च्या मागून नऊ तासांत ७.५ चा आला. घटते ती धक्क्यांची संख्या; एखादा मोठा धक्का येण्याची शक्यता शून्य होत नाही. त्यामुळे पहिला दिवस-रात्र तडे गेलेल्या इमारतीबाहेर काढणे हा शहाणपणाचा किमान नियम मानावा.

दुसरा भाग इमारतीच्या वाचनाचा. इथे एक असमान नियम पाळावा: इमारत धोकादायक आहे हे सामान्य माणसाला ओळखता येते, ती सुरक्षित आहे हे फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवता येते. रहिवाशांनी बाहेरून पाहून पुढील खुणा तपासाव्यात.

पहिला वर्ग, आत पाऊल टाकू नये असा: इमारत किंवा एखादा मजला कललेला, तळमजल्याच्या कॉलमचे काँक्रीट चुरगळून सळया उघड्या किंवा बाहेरच्या बाजूला फुगलेल्या, कॉलम आणि बीमच्या सांध्यात आरपार तडे, जिना सुटलेला, पायाजवळ जमीन खचलेली. चाळीत भिंतीचा कोपरा उघडणे किंवा भिंत बाहेर फुगणे हेही याच वर्गात, कारण तिथे भिंत पडली की छत पडते.

दुसरा वर्ग, इंजिनिअर येईपर्यंत थांबावे असा: भिंतींवर गुणाकाराच्या चिन्हासारखे तिरके तडे, बऱ्याच घरांची दारे एकाच बाजूला अडकणे, म्हणजे चौकट तिरकी झालेली, बीमला उभे किंवा तिरके तडे, स्लॅबचा मोठा तुकडा पडणे.

तिसरा वर्ग, नुकसान वरवरचे असण्याची शक्यता अधिक असा: काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत वीटभिंत आणि बीम-कॉलम यांच्या सांध्यावर उमटलेली बारीक सरळ रेघ, प्लॅस्टरचे केसासारखे तडे, सुटलेल्या टाइल. दोन वेगळे पदार्थ वेगवेगळे हलल्याने हे होते.

हे वर्गीकरण कागदावर स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात अडचण अशी की, तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत यांतले अर्धे तडे भूकंपाआधीपासूनच असतात. गंजाने पोपडा सुटलेला कॉलम आणि हादऱ्याने चुरगळलेला कॉलम लांबून सारखेच दिसतात. एक जण म्हणतो हा तडा पावसाळ्यापासून आहे, दुसरा म्हणतो काल नव्हता. शेकडो इमारतींमागे मोजके इंजिनिअर, आणि त्यांच्याजवळ तुलनेला काही नाही. मग ते सावधगिरी म्हणून सगळ्याच इमारती रिकाम्या ठेवायला सांगतील किंवा दडपणाखाली सगळ्यांनाच परत पाठवतील.

यावरचा उपाय स्वस्त आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. त्यातून इमारतींचे चार वर्ग होतात: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ ब म्हणजे न हलवता दुरुस्त करायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. हा अहवाल पालिकेच्या नोटिशीला उत्तर म्हणून फायलीत पडून राहतो. त्याचाच उपयोग आधीची नोंद म्हणून करावा. दर पावसाळ्यानंतर तळमजल्याच्या प्रत्येक कॉलमचे चारही बाजूंनी, क्रमांक आणि तारखेसह, फोटो काढावेत. मोठ्या तड्यांवर काचेची पट्टी सिमेंटने बसवावी. तडा वाढला की पट्टी तुटते आणि तुटल्याची तारीख लिहिता येते. मूळ नकाशे आणि कॉलमच्या सळयांची माहिती शोधून सोसायटीच्या कार्यालयाबाहेरही एक प्रत ठेवावी. आणि पालिकेच्या यादीतल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरशी आधीच ठरवून ठेवावे की धक्क्यानंतर तो आपल्या इमारतीकडे येईल. ही नोंद हाताशी असेल तर तपासणीचे काम तासांत होते. नसेल तर आठवडे जातात.

७. सावरणे: पैसा, कागद आणि माणसे

सरकारी मदतीच्या मर्यादा ओळखाव्यात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार मैदानी भागातल्या पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यासाठी महसूल खात्याचा पंचनामा लागतो, म्हणून आवराआवर करण्यापूर्वी फोटो काढावेत. पण या रकमेत शहरातली सदनिका उभी राहत नाही. विमा हा दुसरा आधार. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना उपलब्ध करून द्यावी लागणारी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी भूकंपाचे नुकसान धरते, आणि घर राहण्याजोगे नसताना भरावे लागणारे भाडेही. विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, जागेच्या बाजारभावाचा नसतो, त्यामुळे हप्ता लोकांना वाटतो त्याहून बराच कमी येतो.

सर्वांत दुर्लक्षित आधार जमिनीच्या कागदाचा. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झालेले नसेल, तर इमारत पडल्यावर जमीन कायद्याने मूळ मालकाची किंवा बिल्डरची राहते आणि पुनर्बांधणी तिथेच अडते. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज इमारत उभी असताना करणे सोपे जाते. पागडीच्या किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी ताबा सोडण्यापूर्वी भोगवटादार म्हणून आपले नाव आणि घराचे मोजलेले क्षेत्रफळ पालिकेकडे लेखी नोंदवून घ्यावे. घर सोडायची भीती बऱ्याचदा मृत्यूच्या भीतीपेक्षा मोठी ठरते ती हक्क जाण्याच्या धास्तीने. सी-१ च्या इमारतींत माणसे राहतात त्याचे हेच कारण.

सावरण्याचा महाराष्ट्रातला मोठा धडा किल्लारीचा. सरकारी आकड्यानुसार तिथे ७,९२८ माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद यांनी झोपेत असलेली घरेच्या घरे गाडली. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि त्याच वेळी सुमारे दोन लाख घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. दुसऱ्या कामात मालकाने स्वतः देखरेख करायची, सरकारने टप्प्याटप्प्याने पैसे द्यायचे, अशी रीत होती. गावोगावच्या महिला मंडळांतून नेमलेल्या संवाद सहायक कुटुंबे आणि अभियंते यांच्यात दुवा झाल्या. नव्या जागच्या वसाहतींवर शेतापासून दूर गेल्याची आणि गावगाडा विस्कटल्याची टीका झाली. दुरुस्तीने माणसे आपल्या जागी राहिली.

शहरी पट्ट्याला यातून घेण्याजोगे दोन निष्कर्ष आहेत. एक, जिथे दुरुस्ती शक्य आहे तिथे ती आधी. स्थलांतर हा शेवटचा उपाय. तळमजल्याच्या कॉलमांना काँक्रीटचे वेष्टण देणे, पार्किंगच्या मोजक्या जागी भक्कम भिंती उभारणे, गच्चीवरचा जादा कोबा उतरवणे ही कामे पुनर्विकासापेक्षा कितीतरी कमी खर्चाची आहेत आणि पुनर्विकासाची वाट पाहतानाही करता येतात. दोन, मधला दुवा लागतो. सोसायट्यांच्या डोंबिवलीत तो बाहेरून आणावा लागत नाही. प्रत्येक इमारतीत कमिटी आहे, निवृत्त रेल्वेवाले आणि इंजिनिअर आहेत, गणेशोत्सवाची मंडळे आहेत. त्यांना वाटून द्यायची कामे चारच: मजल्यागणिक वृद्ध आणि आजारी माणसांची यादी, गॅस-वीज बंद करण्याची जबाबदारी, मैदानातली ठरलेली जागा आणि कॉलमांची नोंदवही.

मनाच्या सावरण्यालाही या कामांचा उपयोग होतो. धक्क्यांच्या मालिकेत झोप उडणे आणि पंखा हलला तरी दचकणे स्वाभाविक असते. आपल्या इमारतीची तपासणी कोणी केली आणि ती काय ठरली, हे फळ्यावर लिहिलेले वाचायला मिळाले की अफवांना जागा उरत नाही. मुलांना आणि वृद्धांना धीराच्या शब्दांपेक्षा निश्चित माहितीचा आधार अधिक असतो.

८. निष्कर्ष

या पट्ट्यातला भूकंपाचा धोका मध्यम आहे. इमारतींची अवस्था मात्र तशी नाही. त्यामुळे इथली सुरक्षितता हादऱ्याच्या क्षणी दाखवायच्या चपळाईवर थोडी आणि इमारतीच्या जपलेल्या माहितीवर बरीच अवलंबून आहे. जो तडा आधी नोंदला गेला, त्याच्याबद्दल नंतर वाद होत नाही. जी इमारत आधी सी-१ ठरून रिकामी झाली, तिच्याखाली कोणी सापडत नाही. जिची जमीन आधी सोसायटीच्या नावे झाली, ती पुन्हा उभी राहते.

सहकार कायद्याप्रमाणे प्रत्येक गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. किल्लारीची तारीखही तीच. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर पार्किंग आणि रंगकामाच्या बरोबरीने तीन विषय कायमचे असावेत: कॉलमांच्या नोंदवहीचे वाचन, विम्याचे नूतनीकरण, आणि अभिहस्तांतरण कुठवर आले याचा जाब.